‘नको’ जपून वापर गं

अगं, नाताळात सासरी निफाडला जायचं आणि बाळाचं बोरन्हाण उरकूनच पुण्याला परतायचं ठरलंय ना? मग फोनवर तुकड्यातुकड्यानं बोलण्यापेक्षा सगळं एकदाच सांगून टाकते. ‘तिकडे सगळ्या मला शिकवायला लागल्या तर काय करू’ म्हणून तुझं जे चाललंय, त्यावर माझं म्हणणं एवढंच, की शिकवणारच त्या! त्या घरात इतक्या वर्षांनी पाळणा हललाय. आजेसासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकीला बाळाचं काहीतरी करायचं असणार. तू उठल्याबसल्या ‘नको नको’ केलंस, तर तिसऱ्या दिवशी तुझ्या ‘नको’कडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. म्हणून ते जपून वापर. बाळाच्या पोटात काय जातं, श्वासात काय जातं आणि झोपताना त्याच्या भोवती काय असतं, एवढ्या तीनच गोष्टींवर ठाम राहा. बाकीचं हसून सोडून दे.

पहिलं पोटाचं. सहाणेवर गुटी उगाळली जाणार आणि ती मधात कालवून चाटवायची म्हणणार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, थेंबभरसुद्धा. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात. आपल्याला त्यांचं काही होत नाही, पण एवढ्याशा आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. हे सगळं सासूबाईंना समजावत बसू नकोस. ‘डॉक्टरांनी वर्षापर्यंत बंद सांगितलाय’ म्हण आणि लगेच पुढचं वाक्य जोड, ‘वाढदिवसाला पहिलं बोट मात्र तुम्हीच चाटवायचं हं!’ नकाराबरोबर मान दिला की तो टोचत नाही.

सात महिन्यांच्या बाळाला मऊ भात, मुगाचं वरण, वर साजूक तूप, नाचणीची पातळ खीर हे सगळं खुशाल दे, फक्त मीठ वर्षापर्यंत आणि साखर दोन वर्षांपर्यंत वगळ. आणि तू चालली आहेस द्राक्षांच्या गावाला. कुणीतरी लाडानं अख्खं द्राक्ष हातात देणारच. ते बरोब्बर घशात अडकायच्या मापाचं असतं गं. म्हणून द्राक्ष, शेंगदाणा, हरभरा यांतलं काहीही बाळाच्या मुठीत जाऊ देऊ नकोस.

दुसरं श्वासाचं. निफाडची थंडी तुला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की शेतकरी द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात. अशा वेळी घरात कुणीतरी ‘बाळाला ऊब लागेल’ म्हणून खोलीत कोळशाची शेगडी आणून ठेवेल आणि दार लोटून घेईल. इथे मात्र भीड धरू नकोस. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. शेगडी अंगणात ठेवायची, खोलीत आणायची नाही. ओवा-वावडिंगाची धुरीही नको. गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधायला कुणी आलं, तर कापूर काढून नुसत्या ओव्याची बांध आणि झोपवताना ती सोडून ठेव. कापूर इवल्या जिवाला विषारी असतो. सर्दीसाठी छातीला चोळायची कापराची मलमंही दोन वर्षांपर्यंत नकोत.

हुरड्याला जायचा बेत होईलच. जा की! पण आगटीच्या भोवती कोंडाळं करून सगळे बसतात तिथे बाळाला घेऊन बसू नकोस. वाऱ्याची दिशा बघ, लांब सतरंजी टाक आणि गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ तुझ्यापर्यंत आणून द्यायचं काम नवऱ्याला लाव.

तिसरं झोपेचं. तिथे पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी घाम फुटतो. म्हणून एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घाल, ऊन चढेल तसे एकेक उतरवता येतात. तुझ्या अंगावर जेवढं, त्याहून एक जास्त, एवढा हिशेब पुरे. बाळाचे हातपाय थोडे गार लागतातच, त्यावरून थंडी ठरवू नकोस. मानेच्या मागे हात घालून बघ. तिथे कोमट असेल तर सगळं ठीक आहे, घामेजलं असेल तर एक थर काढ. झोपवताना उताणंच झोपव. डोक्याखाली मोहरीची उशी नको, अंगावर जड गोधडी नको आणि घरात डोक्याला टोपडंही नको. आजेसासूबाईंनी स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी असेल, तर ती दिवसा बाळाला खेळायला खाली अंथर. त्यांचं मन राहील आणि बाळाच्या नाकातोंडावरही काही येणार नाही.

आता सोडून द्यायचं काय, ते ऐक. तिळाच्या तेलानं मालिश आजीनंच करू दे, तिच्या हाताला सवय आहे. फक्त नाकात-कानात तेल सोडू देऊ नकोस. आंघोळ सकाळच्या गारठ्यात न घालता अकरा-बाराला, बंबातल्या पाण्यानं घाल, आणि एखाद्या दिवशी नुसतं अंग पुसलंस तरी चालतं. गालावर, तळपायाला काजळाची तीट लावली तर लावू दे. डोळ्यात मात्र काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. उन्हात बसवताना कुंची घालू दे, गोड दिसतं ते ध्यान. पाहुण्यांच्या हातून हातात फिरून दुपारची झोप बुडाली की संध्याकाळी बाळ किंचाळणार आणि ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या जाणार. ओवाळू दे. त्या मिरच्या मागच्या अंगणातल्या चुलीत टाकायच्या, एवढंच सांग. तोवर तू आत जाऊन दार लोटून घे आणि बाळाला शांतपणे पाजून घे.

बोरन्हाण मात्र आधी आखून ठेव. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं हौसेनं कर. दागिने कपड्यांवरून घाल, फोटो झाले की लगेच उतरव. त्या काटेरी हलव्यानं मान खरचटते आणि दोरा तुटला तर पहिला दाणा बाळाच्या तोंडात जातो. बाळाला तू मांडीवर घे. डोक्यावरून फक्त चुरमुरे सोडायला सांग. बोरं, हरभरे, उसाचे करवे, शेंगा, बिस्किटं बाजूच्या परातीत ठेव आणि लुटायला आलेल्या मोठ्या पोरांसाठी ती दुसऱ्या कोपऱ्यात उधळायची. लूट संपली की सतरंजी अंगणात नेऊन झटक आणि खोलीत केरसुणी फिरव. कपाटाखाली, दाराच्या फटीत एखादा हरभरा दडलेला असतोच, आणि रांगणारं बाळ तो आपल्या आधी शोधून काढतं.

बॅगेत लसीकरणाचं कार्ड, थर्मामीटर, ओआरएस, नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणि तापाचं औषध ठेव. बाळाच्या आत्ताच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घे. सुट्टीत दवाखाने बंद असतात, म्हणून जवळचे बालरोगतज्ज्ञ कोण आणि ते कधी असतात, हे आधीच विचारून ठेव. ज्याचं नाक वाहतंय त्यानं बाळाला लांबूनच टाटा करायचा, मग तो लाडका काका का असेना. सर्दी झालीच तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. पन्नास किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध घेईनासं झालं, तर काढे-लेप करत बसायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा. गाडी मिळत नसेल तर १०८ला फोन कर.

आता तुझं. सासरच्यांना जे सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून जाऊ दे. तेच वाक्य सुनेनं म्हटलं की उद्धटपणा होतो आणि लेकानं म्हटलं की काळजी. निघायच्या आधीच त्याच्याशी बोल. गावाकडचे मित्र आहेत, कट्टा आहे, सगळं कबूल. पण रोज सकाळी दोन तास बाळ त्याच्याकडे आणि त्या वेळात तू झोपायचंस. पाहुणे बसलेत म्हणून पाजणं लांबवू नकोस, आत कुठे बसायचं ते पहिल्याच दिवशी जावेला विचारून ठेव. बसनं जाणार असाल तर मोठ्या एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष असतो, लाजू नकोस, चौकशी कर. आणि डिंकाचे, हळिवाचे लाडू समोर आले की ‘वजन वाढतं’ म्हणून नाकं मुरडू नकोस. ते तुझ्यासाठी केलेले असतात.

कधी बिनसलंच, तर रात्री मला फोन कर आणि मनातलं सगळं माझ्यापाशी ओकून टाक. सकाळी सासूबाईंसमोर हसतमुखानं चहा घेऊन जायचं. आणि परतेपर्यंत द्राक्षं निघाली असतील तर एक पेटी माझ्यासाठी आण. माझी पोरं मोठी झालीत, त्यांना अख्खी चालतात!