मुलाचा ताबा : प्रश्न हक्काचा की हिताचा?

आई-वडील विभक्त झाले की 'मूल कोणाचे?' असे लोक विचारतात. न्यायालय मात्र मुलाचे हित कशात आहे, हे पाहते.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे प्रथम पिता व त्याच्या 'नंतर' माता नैसर्गिक पालक होय. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा. परंतु कलम १३ मुलाचे हितच सर्वोपरी मानते.

जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात वडील हयात होते, पण वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. अज्ञान मुलीचे व्यवहार आईच पाही. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले. रिझर्व्ह बँकेविरुद्धच्या गीता हरिहरन खटल्यात, १९९९ मध्ये, 'नंतर' म्हणजे केवळ पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, असा खुलासा झाला.

ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याचे नाते तुटत नाही. न्यायालय भेटीचे वार व वेळ ठरवून देते. धोका वाटल्यास भेट देखरेखीखाली होते. २०२० च्या यशिता साहू निकालाप्रमाणे दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचा हक्क आहे. दूरच्या पालकाला फोन व व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

आपल्याकडे सासर निपाणीत व माहेर कोल्हापुरात, हे नित्याचेच. मग अर्ज कोठे करावा? १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचे कलम ९ सांगते : अज्ञान मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयात. सारांश, येथेही आधी मूल पाहिले जाते, सासर-माहेर नंतर.