पप्पांना इतक्यात संत करू नकोस

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, सगळे म्हणतात पप्पा स्वर्गात पोहोचलेसुद्धा. मग मी प्रार्थना कोणासाठी करायची?" माझ्याभोवती माणसं होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. आता निवांत सांगते.

लोक म्हणतात ते चांगल्या मनानंच. पण तुझं माझ्याजवळ काही लपलेलं नाही. तुझे पप्पा लाखात एक होते, आणि भयंकर संतापीही होते. वाडीच्या बांधावरून काकांशी धरलेला अबोला त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. शवपेटीवर फुलं ठेवताना तुझ्या मनात तेही होतंच ना? आता ते "स्वर्गात पोहोचले" म्हटलं, की तुला तो अबोला गिळून टाकावा लागतो. तू तसं करू नकोस. आपल्या चर्चनं तुझ्यासारख्या मुलींना एक मोठी मोकळीक देऊन ठेवली आहे. माणूस देवाच्या कृपेत गेला असेल आणि तरीही त्याच्यात काही शुद्ध व्हायचं राहिलेलं असेल, तर त्याच्यासाठी आपण अजून काहीतरी करू शकतो. पप्पांवर प्रेम करायला त्यांना आधी निर्दोष ठरवायची गरज नाही. आणि खरं सांगू? काकांना मिस्साला बोलाव. पप्पांना जे जमलं नाही, ते त्यांच्या नावानं तू कर.

शुद्धिस्थानाचं नाव काढलं की तुझ्या डोळ्यांसमोर जुन्या चित्रांतल्या ज्वाळाच येतात, हे मला ठाऊक आहे. पण ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ साली याबद्दल ठामपणे सांगितलं ते थोडकंच: शुद्धिस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंत माणसांच्या प्रार्थनेची, विशेषतः मिस्साबलिदानाची मदत होते. उलट साध्या भाविकांपुढे यातले किचकट आणि कुतूहलाचे प्रश्न उकरू नका, अशी तंबी तिनं बिशपांना दिली. तेव्हा तिथे किती दिवस, किती दाह, याचे हिशेब कोणी मांडू लागलं तर तू ऐकत बसू नकोस. जेनोवाच्या संत कॅथरीननं तर म्हटलंय, की स्वर्गातला आनंद सोडला तर त्या आत्म्यांच्या आनंदाला तोड नाही, कारण ते रोज देवाच्या अधिक जवळ जात असतात. तिथे वेदना आहे, पण ती घरच्या वाटेला लागलेल्या माणसाची वेदना आहे.

आजीच्या प्रार्थनापुस्तकात प्रार्थनेखाली "३०० दिवस" असं छापलेलं तू पाहिलं असशील. ते शुद्धिस्थानातले कमी झालेले दिवस नव्हेत. सुरुवातीच्या काळी चर्च पापाबद्दल अमुक इतक्या दिवसांचं जाहीर प्रायश्चित्त द्यायचं, त्याच्याशी जोडलेलं दंडमाफीचं ते माप होतं. पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली दिवस-वर्षांची ही मोजणीच काढून टाकली. व्हॉट्सअॅपवर संत गर्ट्रूडच्या नावानं फिरणारी प्रार्थना, "एकदा म्हणा, हजार आत्मे सुटतील", तीही तशीच. प्रार्थना म्हणायला हरकत नाही, पण त्या हजाराच्या आकड्याला चर्चचा काही आधार नाही. "इतक्या जणांना पाठवा" असं खाली लिहिलेलं असेल तर सरळ पुसून टाक. पप्पांचा आत्मा तुझ्या फॉरवर्डवर अडकलेला नाही.

आता मिस्साबद्दल. तीस मिस्सा लावायच्या की नाही, यावरून तुझं आणि भावाचं वाजलं म्हणे. सलग तीस दिवसांच्या ग्रेगोरियन मिस्सांची परंपरा पोप पहिले ग्रेगरी यांच्या ग्रंथातल्या एका गोष्टीवरून आली. जुस्तुस नावाच्या मठवाशानं तीन सोन्याची नाणी लपवून ठेवली होती. तो गेल्यावर ग्रेगरींनी त्याच्यासाठी रोज एक, अशा तीस दिवस मिस्सा करायला सांगितल्या. मला ती गोष्ट फार आवडते, कारण त्यात एका चुकलेल्या माणसाला कोणी टाकून दिलेलं नाही. पण तीस मिस्सा हे काही बंधन नाही. ऐपत असेल तर लावा, नसेल तर एक लावा आणि तिला स्वतः जा. मिस्साचं दान देणं जमत नसेल तर तसं फादरना सांगायला लाजू नकोस. गरजूंसाठी दानाशिवायही मिस्सा करावी, अशी धर्मगुरूंना शिफारस चर्चच्या कायद्यातच आहे.

तुला सगळ्यात जास्त सलतंय ते कबरीचं, हो ना? दोन-एक वर्षांनी ती उघडतील, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातील, तिथे दुसऱ्या कोणाला पुरतील. मुंबईत जागेची ओढाताण एवढी आहे की कितीतरी पॅरिशना दुसरा इलाजच उरलेला नाही. रडू आलं तर रड. पण संत मोनिका आठव. ३८७ साली ती ओस्तियाला, घरापासून दूर, मरणाला टेकली होती. गावी नवऱ्याशेजारी पुरलं जावं अशी तिची जन्मभराची इच्छा. पण शेवटी तिनं आपल्या मुलाला, संत ऑगस्टीनला, आणि त्याच्या भावाला सांगितलं, की देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. संताच्या आईनंही स्वतःसाठी प्रार्थनाच मागितली, बघ.

कबर आहे तोवर मात्र जरूर जा. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर त्या दिवशी मिळणारी पूर्ण दंडमाफी, ज्याला फादर प्लेनरी इंडलजन्स म्हणतात, फक्त मृतांसाठीच अर्पण करता येते. त्यासाठी कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून सोडणं, एवढं हवं. शेवटची अट सगळ्यात कठीण. ती पुरी झाली नाही तरी गेलीस ते फुकट जात नाही, थोडी माफी मिळतेच. फुलं, मेणबत्त्या न्यायच्या तर ने, पण कबर सजवण्यातच सगळा वेळ घालवू नकोस. दोन मिनिटं उभी राहून त्यांचं नाव घे.

२ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करायची मुभा असते. पहिल्या महायुद्धात माणसं मरत होती, तेव्हा १९१५ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती सगळ्या चर्चला दिली. त्यातली एक मिस्सा सगळ्याच मृत भाविकांसाठी असते, म्हणजे ज्यांच्या नावानं चर्चच्या ऑफिसात नोंद करायला मागे कोणी उरलं नाही त्यांच्यासाठीही. त्या मिस्सेला थांब.

तू दबक्या आवाजात विचारलेलं ते शेवटचं. सासूबाई हिंदू होत्या, त्यांच्यासाठी मिस्सा लावता येते का? येते. जिवंत असो वा मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू मोकळे आहेत, असं चर्चचा कायदा म्हणतो. तुझ्या बाळंतपणात त्यांनी रात्र-रात्र जागून काढली. नवऱ्याला आधी सांग, त्याच्या मनात काय आहे ते ऐक, आणि मग ऑफिसात दोन्ही नावं दे, पप्पांचं आणि त्यांचं. दोघांसाठी वेगवेगळं दान दिलंस तर सहसा दोन वेगवेगळ्या मिस्सा लागतात, पण एकाच दानात दोघांसाठी मिळून एक मिस्साही लावता येते. नोव्हेंबरच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा या रविवारीच जा.