‘मुळशी’ शंभर वेळा

संगणक-कंपन्यांचे हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. या तालुक्याचे नावच घेऊन आपण गुप्तलेखनाचा एक धोका समजून घेऊ.

२००१ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली ‘एईएस’ पद्धत १६ बाइटांचा एकेक ठोकळा किल्लीच्या साहाय्याने बदलते. यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म, उकार, ळ, श, ईकार मिळून १५ बाइट. पुढची मोकळी जागा १. झाले बरोबर १६! हा शब्द असा शंभर वेळा लिहून प्रत्येक ठोकळा सुटा बदलला, तर शंभर हुबेहूब ठोकळे निघतील. रुग्णांच्या नोंदींत असे झाले, तर एकाचा रोग ठाऊक असलेल्याला किल्लीवाचून दुसऱ्याचाही कळेल.

या सुट्या पद्धतीला ‘ईसीबी’ म्हणतात. पायथन भाषेच्या ‘पायक्रिप्टो’ संग्रहात पद्धत न सांगितल्यास हीच आपोआप लागू होई. पुढे ‘पायक्रिप्टोडोम’ने ही सोय काढली. आता पद्धत न सांगितल्यास काम थांबते. जुन्या आज्ञावल्या अडतात खऱ्या. पण नकळत फुटणाऱ्या गुपितापेक्षा उघड अडलेले काम बरे.

मग उपाय कोणता? ‘सीबीसी’ पद्धतीत प्रत्येक ठोकळ्यात आधीचा बदललेला ठोकळा मिसळतात. पहिल्यात दर वेळी नवा, स्वैर निवडलेला. त्यामुळे सारखेपणा लपतो.

करून पहा : ‘पुणे’ व मोकळी जागा मिळून १३ बाइट. मग ईसीबीत किती वेळा लिहिल्यावर तेच ठोकळे पुन्हा येऊ लागतील?

(उत्तर : १६ वेळा.)