बयाणा देण्याआधी, बयाणा दिल्यावर



आपण आता अक्षराला अक्षर जोडून वाचू लागलो आहोत. एस.टी.ची पाटी वाचतो. रेशनची पावती वाचतो. आज आपण एका लहानशा कागदाची गोष्ट वाचू. कागद तळहाताएवढा होता. पण त्यात एका माणसाची घामाची कमाई अडकली होती.

तलासरी तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव सांगत नाही. नावाची गरजही नाही. चौथीत त्याची शाळा सुटली. पुढे तो बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. आपल्या डहाणू-तलासरीकडची पुष्कळ माणसे अशी गुजरातच्या बंदरांवर जातात. आठ-आठ महिने समुद्रावर काढतात आणि पावसाच्या तोंडावर घरी येतात.

असाच तो घरी आला होता. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. बायकोही बरोबर होती. बराच वेळ कोणी बोलेना. मग तो म्हणाला, "गुरुजी, गाडीचा बयाणा देऊन आलो. वीस हजार. आता मन कचरतंय. रात्री झोप येत नाही."

मी म्हटले, "बाबा, आधी पाणी पी. मग पावती दाखव."

पावतीत काय होते?

गाडी जुनी होती. सात माणसे बसतील अशी. वापीकडच्या एका दलालाने ती दाखवली होती. किंमत ठरली दोन लाख चाळीस हजार. दलाल म्हणाला, "आजच टोकन द्या. उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे." याने घाईघाईने वीस हजार मोजले.

पावती गुजरातीत होती. आपल्या सीमेवर गुजराती बोलता सर्वांना येते, पण वाचता सर्वांना येत नाही. त्याने न वाचताच सही केली होती. मी पावती वाचून दाखवली. तीत गाडीचा नंबर होता, रक्कम होती आणि खाली एक ओळ होती : 'टोकन परत मिळणार नाही.'

काय नव्हते तेही पाहा. गाडीच्या मालकाचे नाव नव्हते. बाकी पैसे कधी द्यायचे ती तारीख नव्हती. गाडीवर कर्ज आहे की नाही, याबद्दल एक अक्षर नव्हते.

त्याची बायको हळूच म्हणाली, "गुरुजी, मी यांना एकच विचारलं. तुम्ही आठ महिने बोटीवर. मग गाडी चालवणार कोण?"

प्रश्न साधा होता. पण बयाणा देण्याआधी तो कोणी विचारला नव्हता.

मन का फिरले ते आधी ओळखा

पैसे दिल्यावर मन खाली-वर होणे हा माणसाचा स्वभाव आहे. बैल घेतला तरी होते, गाडी घेतली तरी होते. म्हणून मन फिरले की लगेच धावू नये. ते का फिरले ते पाहावे. कारणे तीन प्रकारची असतात.

पहिले कारण : नुसती हुरहूर. वस्तू चांगली आहे, कागद चांगले आहेत, पण एवढे पैसे गेले म्हणून जीव धसकला. अशी हुरहूर चार दिवसांत निवते.

दुसरे कारण : हिशेब चुकला. वस्तू चांगली आहे, पण आपल्याला ती परवडत नाही किंवा तिचा उपयोग नाही.

तिसरे कारण : वस्तूत किंवा कागदात खोट आहे. जे सांगितले ते खरे नाही.

आम्ही तिघांनी दिव्याखाली बसून एकेक कारण तपासले.

आधी हिशेब मांडला. त्याच्याजवळ सत्तर हजार शिल्लक होते. दीड लाख कर्ज काढायचे होते. महिना ५,४०० रुपये हप्ता, असे ३६ हप्ते. गुणाकार त्यानेच केला : १,९४,४०० रुपये. म्हणजे ४४,४०० रुपये नुसते व्याज. शिवाय विमा, टायर, पेट्रोल वेगळे.

मी विचारले, "हप्ता कशातून फेडणार?"

तो म्हणाला, "मी घरी असेन तेव्हा तलासरी-उधवा शिटा मारीन. मी बोटीवर गेलो की भाऊ मारील."

इथे दुसरी अडचण निघाली. त्या गाडीची नंबरपाटी पांढरी होती. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरगुती गाडी. भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला परवाना लागतो आणि तिची पाटी पिवळी असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली तर दंड होतो, गाडी अडकते. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेते. म्हणजे ज्या कमाईवर हप्ता फेडायचा, ती कमाईच कायद्यात बसत नव्हती.

मग माझ्या नातवाने मोबाईलवर सरकारच्या 'एम-परिवहन'मध्ये गाडीचा नंबर टाकला. गाडी कधी नोंदली, विमा कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्जाची नोंद आहे का, हे तिथे कळते. त्या गाडीचा विमा संपला होता. कर्जाची नोंद अजून कायम होती. दलाल तर म्हणाला होता, "लोन सगळं भरलंय."

मी त्याला सांगितले, "लगेच त्याला खोटा म्हणू नकोस. कर्ज फिटले तरी नोंद आपोआप निघतेच असे नाही. ती काढायला ३५ नंबरचा फॉर्म आणि कर्ज देणाऱ्याचे 'येणे नाही' असे पत्र लागते. ते पत्र माग. पत्र असेल तर दाखवील."

गाडी सीमेपलीकडची असेल तर

गाडीचा नंबर 'जीजे १५' होता. हा वलसाड जिल्ह्याचा नंबर. आपल्या पालघर जिल्ह्यात वसई कार्यालयाचा 'एमएच ४८' असतो. पलीकडची गाडी स्वस्त दिसते, पण तिच्यामागे कामे असतात. तिकडच्या परिवहन कार्यालयाचा 'ना हरकत' दाखला आणावा लागतो. तो २८ नंबरच्या फॉर्मवर मिळतो. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमती लागते. मग महाराष्ट्राचा कर भरून इकडचा नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च किमतीत धरला, म्हणजे खरी किंमत कळते.

गाडी नावावर करून घेणे तर फार महत्त्वाचे. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विकणाऱ्यानेही जागे राहावे. एका माणसाने २००७ साली गाडी विकली. ती पुढे हातोहात विकली गेली, पण कागदावर नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही कधी करू नये आणि घेऊही नये.

बयाणा परत मिळतो का?

याला कोणी बयाणा म्हणतात, कोणी इसार, तर दलाल टोकन म्हणतात. इसार म्हणजे 'मी शब्द पाळीन' याची खूण. सौदा पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो. घेणारा आपण होऊन मागे फिरला तर विकणारा तो ठेवून घेऊ शकतो. विकणारा फिरला तर त्याने तो परत द्यावा लागतो.

हे न्यायालयाने सांगितलेले आहे. १९४६ साली विमानांच्या भंगाराचा एक मोठा सौदा झाला. किंमत दहा लाख. घेणाऱ्याने अडीच लाख इसार दिला आणि बाकी पैसे दिलेच नाहीत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल लागला, तो घेणाऱ्याच्या विरुद्ध. अडीच लाख गेले.

पण दुसरी बाजूही आहे. १९६३ साली एका जागेच्या सौद्याचा निकाल लागला. त्यात घेणाऱ्याने एक हजार इसार म्हणून दिले होते आणि चोवीस हजार किमतीपोटी आगाऊ दिले होते. न्यायालय म्हणाले, एक हजार ठेवून घेता येतील. चोवीस हजार हा इसार नव्हे. ते नुसते करारात लिहिले म्हणून जप्त होत नाहीत. म्हणजे इसार वेगळा, आगाऊ रक्कम वेगळी. पावतीवर कोणता शब्द आहे, ते पाहावे.

आणि तिसरी गोष्ट. विकणाऱ्याने खोटे सांगून आपल्याला सौद्यात ओढले असेल, तर आपल्याला तो करार मोडता येतो आणि दिलेले पैसे मागता येतात. आपला कराराचा कायदा १८७२ सालचा आहे, त्यात हे लिहिले आहे. मात्र खोटे काय सांगितले, ते दाखवता आले पाहिजे.

आणखी एक. काही लोक म्हणतात, तीन दिवसांत वस्तू परत करता येते. आपल्याकडे जुन्या गाडीला अशी सरसकट मुदत कायद्यात नाही. मन फिरले एवढ्यावर हक्क मिळत नाही.

पुढे काय झाले?

आम्ही साध्या कागदावर पत्र लिहिले. अक्षर त्याचे, मजकूर दोघांचा. 'तुम्ही गाडीवर कर्ज नाही असे सांगितले. नोंदीत कर्ज दिसते. आठ दिवसांत कर्ज फिटल्याचे पत्र आणि मालकाचे कागद दाखवा. नाही तर वीस हजार परत द्या.' एक प्रत आपल्याजवळ ठेवली, दुसरी रजिस्टर पोस्टाने पाठवली.

आठव्या दिवशी आम्ही वापीला गेलो. दलाल आधी तापला. "पावतीवर लिहिलंय, टोकन परत नाही." मग पत्राची प्रत पाहून नरमला. कर्ज फिटलेले नव्हतेच. ३८ हजार बाकी होते. तो म्हणाला, "तुमच्या बाकीच्या पैशांतून भरतो."

माझा विद्यार्थी म्हणाला, "आधी नाही सांगितलंत. आता गाडी नको."

पुष्कळ बोलाचाली झाली. शेवटी त्याने अठरा हजार परत दिले. दोन हजार कापले. ते दोन हजारही भांडून मिळाले असते, असे मला आजही वाटते. पण तो म्हणाला, "गुरुजी, बोटीला जायचे दिवस आले. कोर्टाच्या फेऱ्या कोण घालील?" त्याचेही खरे होते. अठरा हजार मिळाल्याची पावती दोघांनी लिहून घेतली.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "दोन हजार शाळेची फी समजा."

कागद वाचणे म्हणजे काय

आपल्या तालुक्यांत पैशापायी माणूस बांधला जाण्याचे दुःख जुने आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करणार नाही, असे लोकांनी ठरवले. पुढे १९७६ साली देशभर वेठबिगारी कायद्याने बंद झाली.

ज्यांच्या आज्यांना आपल्या कर्जाचा हिशेब वाचता येत नव्हता, ती माणसे आज पत्र लिहून आपले पैसे मागतात. ही काही लहान गोष्ट नाही. पण वाचता येते आणि तरी न वाचता सही केली, तर शिकून काय मिळवले?

लक्षात ठेवा

१. घाई करणाऱ्याला सांगा, "उद्या येतो." एक रात्र जाऊ द्या. घरच्या माणसाला विचारा.

२. आधी कागद, मग पैसे. ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा.

३. बयाणा लहान द्या. शक्यतो बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

४. वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका.

५. मन फिरले तर पुढचे पैसे देऊ नका, गाडी घरी आणू नका. लगेच लेखी कळवा.

६. वाद मिटला नाही तर १५१०० या नंबरवर कायद्याची मदत विचारा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. दुकानदाराविरुद्ध ग्राहकाची तक्रार असेल तर १९१५ हा नंबर आहे.

पावतीचा नमुना

'गाडी नंबर ……, मालक ……, यांच्याकडून घेण्याचे ठरले. एकूण किंमत रु. ……. आज इसार रु. …… मिळाला. बाकी रक्कम तारीख …… पर्यंत. गाडीवर कर्ज व दंड बाकी नाही. कर्ज, दंड किंवा कागदात खोट निघाल्यास, किंवा मेकॅनिकने गाडी नापास केल्यास, इसार पूर्ण परत देईन. तारीख, सह्या, दोन साक्षीदार.'

रक्कम पाच हजारांवर असेल तर एक रुपयाचे रसीदी तिकीट लावावे.

सांगा पाहू

१. मन फिरण्याची तीन कारणे कोणती? गोष्टीतल्या माणसाची कोणती होती?

२. इसार आणि आगाऊ रक्कम यांत फरक काय?

३. दोन हजार सोडून देणे बरोबर होते का? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.

४. वरचा नमुना वहीत उतरवा. गाडीच्या जागी बैल किंवा शिलाई मशीन घालून पुन्हा लिहा.