लाल अक्षरांना भिऊ नका : मोबाइल अ‍ॅप 'बिल्ड' होत नाही तेव्हा



गेल्या सत्रात अकरावीची एक विद्यार्थिनी आजीसाठी औषधांची वेळ आठवण करून देणारे अ‍ॅप तयार करीत होती. आजीला रोज चार गोळ्या, आणि घरात दिवसा कोणी नाही. दोन आठवडे मेहनत झाली, आणि एके दिवशी संगणकावर लाल अक्षरांत 'बिल्ड फेल्ड' असे आले. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मला नाही जमायचं. सगळं पुसून टाकते."

माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजीतील लाल ओळी दिसल्या की आपलेच काहीतरी चुकले असणार, आपण या कामाच्या लायकीचे नाही, असे वाटणे म्हणजे काय ते मी चांगले जाणते. म्हणून मी तिला म्हटले, "पुसू नकोस बाळ. आधी वाचू या." त्या दिवशी आम्ही दोघी जे शिकलो, ते येथे देत आहे.

डिपेंडन्सी म्हणजे काय?

किला गेटवरून गडाकडे चढू लागले की गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमराने राणी मृगनयनीसाठी तिच्या राई गावचे पाणी नळाने या महालापर्यंत आणले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. महाल इथला, पाणी मात्र दुसरीकडचे. अ‍ॅपचेही तसेच असते. बटणे, याद्या, सूचना हे सर्व आपण स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेली तयार लायब्ररी वापरतो. आपले अ‍ॅप जिच्यावर अवलंबून असते ती लायब्ररी म्हणजे डिपेंडन्सी. त्या लायब्ररीलाही आणखी लायब्रऱ्या लागतात, त्यांना आणखी. अँड्रॉइडमध्ये हे सर्व गोळा करण्याचे काम 'ग्रेडल' नावाचे साधन करते. ते इंटरनेटवरील भांडारांतून एकेक भाग आणते. एक जरी मिळाला नाही, तरी काम थांबते.

महालात पाणी आले नाही तर कोणी भिंत पाडत नाही. नदीत पाणी आहे का, नळ मध्ये फुटला आहे का, तोंड नीट जोडले आहे का, हे पाहतो. इथेही हाच क्रम ठेवावा.

पायरी १ : संदेश वाचा

शंभर ओळी आल्या तरी 'व्हॉट वेंट राँग' हे शब्द शोधा. खरे कारण त्याच्या खालीच असते. 'कुड नॉट फाइंड' म्हणजे शोधले, पण सापडले नाही. त्याखाली कुठे कुठे शोधले ती यादीही दिलेली असते. 'कुड नॉट गेट' म्हणजे भांडारापर्यंत पोचताच आले नाही. 'ड्युप्लिकेट क्लास' म्हणजे एकच वस्तू दोन ठिकाणांहून आली. तिन्ही रोग वेगळे, म्हणून औषधही वेगळे.

पायरी २ : नाव व आवृत्ती तपासा

लायब्ररीच्या पत्त्याचे तीन भाग असतात: गट, नाव आणि आवृत्तीचा क्रमांक. एक अक्षर चुकले तरी पत्र परत येते. आमच्या विद्यार्थिनीने भावाच्या जुन्या वहीतून 'अ‍ॅपकॉम्पॅट'ची ओळ उतरवली होती. जुन्या 'सपोर्ट लायब्ररी'ची शेवटची आवृत्ती २८.०.० ही २०१८ साली आली. त्यानंतर गूगलने सर्व भाग 'अँड्रॉइड-एक्स' या नव्या नावाखाली नेले आणि क्रमांक पुन्हा १.०.० पासून सुरू केले. तिने नाव नवे लिहिले, क्रमांक मात्र जुनाच ठेवला. अशी आवृत्ती जगात कुठेच नाही! क्रमांक १.६.१ केला आणि पहिली चूक गेली.

पायरी ३ : भांडार तपासा

अँड्रॉइडसाठी मुख्य भांडारे दोन: 'गूगल' आणि 'मेव्हन सेंट्रल'. नव्या प्रकल्पांत ही नावे 'सेटिंग्ज' नावाच्या ग्रेडल फाइलमध्ये असतात, जुन्या प्रकल्पांत मुख्य 'बिल्ड' फाइलमध्ये. जुन्या पुस्तकांत 'जेसेंटर' हे तिसरे नाव दिसेल. ते बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली, आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथे येणारी मागणी मेव्हन सेंट्रलकडे वळवली जाते. जे फक्त जेसेंटरवर होते ते आता तिथून मिळत नाही. म्हणून ती ओळ काढून टाकावी.

पायरी ४ : रस्ता तपासा

इंटरनेट चालू आहे का? अँड्रॉइड स्टुडिओत 'ऑफलाइन मोड' चुकून लागला आहे का? संगणकाची तारीख बरोबर आहे का? जुन्या संगणकाचा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि मग भांडाराचे सुरक्षा-प्रमाणपत्र चुकीचे समजले जाते. जावाची आवृत्तीही पाहावी. ग्रेडलच्या अँड्रॉइड प्लगिनला २०२३ च्या ८.० आवृत्तीपासून जावा १७ लागते.

पायरी ५ : भांडण मिटवा

दोन लायब्रऱ्यांनी एकाच भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागितल्या, तर ग्रेडल सहसा त्यांतील नवी घेते. पण जुना 'सपोर्ट' आणि नवा 'अँड्रॉइड-एक्स' यांची नावे वेगळी असल्यामुळे ग्रेडलला ते एकच कूळ आहे हे कळत नाही. दोन्ही आत येतात आणि 'ड्युप्लिकेट क्लास' होते. आमच्याकडे दुसरी चूक हीच होती. ग्रेडलला 'डिपेंडन्सीज' ही आज्ञा दिली की वंशावळीसारखे झाड छापून येते. त्यात दिसले, की वेळ निवडण्यासाठी घेतलेली एक जुनी लायब्ररी आपल्याबरोबर 'सपोर्ट'ला घेऊन आली होती. अशा वेळी त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यावी, किंवा 'जेटिफायर' ही सोय चालू करावी. आम्ही ती लायब्ररीच काढली, कारण वेळ निवडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये मुळातच आहे.

एक बोध

मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' भांडारातून 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली, आणि जगभर असंख्य प्रकल्पांचे बिल्ड थांबले. मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंतेही त्या दिवशी तीच लाल अक्षरे पाहत होते. तेव्हा चूक दिसली म्हणजे आपण मठ्ठ, असे मुळीच नाही. मात्र जे स्वतः दहा ओळींत लिहिता येते, त्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. तसेच आवृत्तीच्या जागी अधिक चिन्ह न घालता पूर्ण क्रमांक लिहावा. नाहीतर आज चाललेले अ‍ॅप उद्या काही न बदलताही बंद पडू शकते.

एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा, मग पुन्हा बिल्ड करावे. आम्हाला दोन तास लागले. त्या संध्याकाळी आजीच्या फोनवर पहिली आठवण वाजली.

स्वाध्याय
१. 'कुड नॉट फाइंड' आणि 'कुड नॉट गेट' यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
२. आपल्या एखाद्या प्रकल्पाचे डिपेंडन्सी-झाड छापून सर्वांत लांब फांदी शोधा.
३. त्यातील कोणती लायब्ररी काढली तरी चालेल? कारण द्या.

वह्या प्रयोगशाळेत आणाव्यात. लाल अक्षरे असतील तर तीही घेऊन या, आपण मिळून वाचू.