कर्करोग्याच्या घरीं आपण कसें जावें?

कर्करोग एकास होतो. अंथरूण मात्र साऱ्या घरास धरावें लागतें. भातकुलीकडील कित्येक रोगी बडनेऱ्यास गाडींत बसून साडेसहाशे किलोमीटरांवरील मुंबईस जातात. तेथें परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून ह्या रोगावर उपचार करीत आहे. परंतु उपचार कित्येकदां महिनोगणती चालतात. राहावें कोठें, खर्च कसा सोसावा, घरची कपाशी कोणीं वेचावी, ह्या काळजीनें रोगी व सोबती दोघेही खचतात.

परगांवीं निराश्रित झालेल्यांसाठीं धर्मशाळा बांधणारे गाडगे महाराज आपल्याच जिल्ह्यांतले. ते शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मले व १९५६ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवें चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेंत आज दूरदूरचे कर्करोगी सोबत्यांसह अल्प खर्चांत राहतात. तेथें शेजाऱ्यासही तेंच दुखणें असतें; म्हणून कोणी कोणास टाळीत नाहीं.

मग गांवींच रोग्यास कां टाळावें? शिवल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें हा रोग लागत नाहीं. ही पापाची शिक्षा आहे, असेंही म्हणूं नये. यावलीस जन्मलेले तुकडोजी महाराज १९६८ सालीं ह्याच रोगानें गेले. तंबाखू व खर्रा ह्यांमुळें तोंडाचा कर्करोग होतो, हें खरें. तें मुलांस अवश्य शिकवावें. पण खाटेवर पडलेल्यास तें ऐकवून त्याचें दुःख मात्र वाढतें.

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. कारणें सांगूं लागतांच ते त्यास जड झाले. ह्यावरून आम्ही तीन गोष्टी सुचवितों.

१. जाऊन बसावें, थोडें बोलावें, पुष्कळ ऐकावें. रोगी रडला तर त्यास रडूं द्यावें.

२. “कांहीं लागलें तर सांगा” एवढ्यावर थांबूं नये. गुरांचा चारा, मुलांचें जेवण, गाडीभाडें, ह्यांपैकीं एक काम अंगावर घ्यावें.

३. शुश्रूषा करणाऱ्या बाईस एक रात्र तरी निजूं द्यावें. तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

रोगी किंवा सोबती झोपेनासा, जेवेनासा झाला, अथवा जीव देण्याचें बोलूं लागला, तर त्यास एकटें सोडूं नये व डॉक्टरांस त्वरित कळवावें. मनाच्या दुखण्यावरही उपचार आहेत.

मंडळीनें विचारावयाचा प्रश्न: आपल्या गांवांत असें घर कोणतें, आणि ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल?