अर्ध्या मिनिटाचा शेक

प्रश्न : मुलगा बिकानेरला नोकरीला आहे. मनगटावरचा फोड सहा महिने भरेना. तिथल्या डॉक्टरांनी यंत्राने अर्धा मिनिट शेकला, बस्स! मग आमच्या अकोल्याच्या ४५ अंशांत असले जंतू जगतात कसे? आणि घरची गरम पाण्याची पिशवी काय वाईट?
— एक वाचक, पातूर

उत्तर : फोड उन्हाने येत नाही आणि उन्हाने जातही नाही. राजस्थानच्या वाळवंटी भागात वाळूमाशी असते, डासाहून बरीच लहान. ती चावताना लिशमॅनिया नावाचा परजीवी कातडीत सोडते. बिहारच्या काळ्या आजाराचा हा भाऊबंद. पण तो प्लीहेत शिरतो, हा कातडीतच रेंगाळतो. कारण याला थंडावा लागतो. ४० अंशांच्या आसपास त्याची वाढ खुंटते.

मग अकोल्याचा मे महिना? बाहेर ४५ असले तरी घाम सुटतो आणि कातडी पस्तीस-छत्तिसाच्या पुढे सहसा जात नाही. परजीवी आपल्याच घामाच्या सावलीत बसलेला!

पिशवीचे दुखणे वेगळे. तिचे पाणी किती गरम, हे कुणी मोजत नाही. वरची कातडी भाजते आणि आत पोचलेली उष्णता रक्त वाहून नेते. यंत्र रेडिओलहरींनी मांसातच उष्णता निर्माण करते आणि ५० अंशांवर ३० सेकंद धरून ठेवते. आधी जागा बधिर करतात, म्हणून मुलाला सोसले. कुणी बिब्बा लावायला सांगितला तर मात्र हात जोडा. बिब्ब्याने कातडी जळते, परजीवी मरेलच असे नाही.

हा शेक स्वस्तही पडतो. कसा? एरवी फोडातच अँटिमनीची इंजेक्शने आठवडेच्या आठवडे घ्यावी लागतात. प्रत्येक वेळी रजा आणि बसभाडे. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी दोन्ही उपाय तोलून पाहिले, तेव्हा एकाच वेळचा शेक इंजेक्शनांच्या तोडीचा ठरला. पेरू देशात तर सोडियम अ‍ॅसिटेटच्या, कळ दाबताच तापणाऱ्या पुडीनेही शेकून पाहिले. तिचे तापमान ठरलेले असते. आपल्या पिशवीचे नसते, फरक एवढाच.

फोड मोजके, लहान आणि डोळ्या-ओठांपासून दूर असले तरच हे जमते, तेही तपासणीत परजीवी दिसल्यावर. खरूज किंवा गजकर्णावर याचा उपयोग नाही. आणि मुलाला सांगा, शेकलेली जागा आधी फोडासारखी फुगेल, ओलसर होईल. भरायला काही आठवडे लागतील. त्याच्यापासून घरात कुणाला लागण होण्याची भीती नाही. मध्ये वाळूमाशी हवीच.